दुसऱ्यासाठी घेतलेला माऊस पुन्हा पुन्हा खणात का जातो?

अमळनेरला माझ्या ताईच्या टेबलाच्या खणात तीन माऊस पडून होते. तिन्ही मी पाठवलेले, तिन्ही चालू, आणि तिन्हींबद्दल फोनवर एकच वाक्य : "भाऊ, हाऊ बी तसाच शे. मना हात दुखस." माझं धुळ्यात संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दिवसाला दोन-चार माऊस विकले जातातच. ज्याचा हा धंदा त्याच्याच बहिणीचा हात दुखतो, हे घरात किती वेळा ऐकवून झालंय ते सांगत नाही.

प्रश्न एकट्या ताईचा असता तर लिहायला बसलो नसतो. पण दुकानात येणारे बरेच जण माऊस स्वतःसाठी नेतच नाहीत. मुलगा वडिलांसाठी नेतो, नवरा बायकोसाठी, शाळेतला शिपाई मोठ्या बाईंसाठी, शेठ मुनीमजींसाठी. काउंटरवरचा माणूस माऊस उचलतो, स्वतःच्या मुठीत धरून दोनदा टकटक करतो, 'भारी आहे' म्हणतो आणि पैसे देतो. पंधरा दिवसांनी तोच परत येतो : "दुसरा द्या, हा काही जमला नाही त्यांना." मग दुसरा, महिन्याभराने तिसरा. धंदा म्हणून मला परवडतं, पण ज्याचा हात दुखतो त्याचा दुखतच राहतो.

ताईचे तीन माऊस तीन वेगवेगळ्या कारणांनी खणात गेले होते. तक्रार मात्र तिन्ही वेळा शब्दाला शब्द तीच. हे मला कळायला दीड वर्ष लागलं, म्हणून आता कोणी 'त्यांच्यासाठी चांगला माऊस दाखवा' म्हणालं की मी माऊस नंतर दाखवतो.

आधी हे बघा : हात दुखतोय की कर्सर ऐकत नाही?

बरेचदा दुसऱ्यातूनच पहिलं सुरू होतं. कर्सर अडकला की माणूस माऊस घट्ट धरतो, दाबून फिरवतो, क्लिक जोरात करतो. चार तास असं केलं की हात दुखणारच. म्हणून यंत्राची तपासणी आधी उरकून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

एका क्लिकला दोन क्लिक होत असतील, किंवा एखादी फाइल ओढून नेताना मध्येच सुटत असेल, तर दोष बटणाखालच्या स्विचचा. त्यात धातूची एक पातळ पट्टी असते. वापरून वापरून तिचा ताण जातो, संपर्काची जागा खराब होते, आणि एकदा दाबलं तरी ती दोनदा टेकते. फोल्डरवर एकदाच क्लिक करा. उघडलं तर निदान झालं. अशा वेळी माणसाचा हात त्या माऊसला बसलेला असेल तर तोच माऊस, तसाच नवा आणा. 'बदलतोच आहोत तर जरा भारीतला घेऊ' ही हौस इथे करू नका. चालती गोष्ट मोडते.

कर्सर उड्या मारत असेल तर माऊस उलटा करा. खालच्या भोकात केस, धूळ, भुसा काहीही सापडतं. बाजार समितीच्या आवारातल्या माऊसमधून मी तुरीची फोलपटं काढली आहेत. कान साफ करायची काडी फिरवा. खालच्या गुळगुळीत पट्ट्यांवर जमलेला काळा थरही नखाने खरवडून काढा. माऊस एकदम हलका झाल्यासारखा वाटतो आणि लोकांना वाटतं मी आत काहीतरी बदललं.

वायरलेस माऊस अडखळत असेल तर आधी सेल बदला. तरीही अडखळला तर तो छोटा रिसिव्हर कुठे खोचलाय ते बघा. संगणकाच्या मागच्या बाजूला, लोखंडी कपाटाला चिकटून असेल तर संदेश नीट पोचत नाही. त्याच्या शेजारी निळ्या यूएसबी ३ च्या भोकात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि माऊसचा रिसिव्हरही तिथेच बोलत असतो. अर्ध्या मीटरची यूएसबी वाढीव वायर घेऊन रिसिव्हर टेबलावर माऊससमोर आणा. माऊसपेक्षा वायर स्वस्त पडते.

आणि टेबलावर काच आहे का, हे न चुकता विचारा. ही गोष्ट फोनवर कोणीही आपणहून सांगत नाही, कारण टेबलाला काच असणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कोणाला वाटतच नाही.

मग विचारा : नक्की कुठे? बोट ठेवून दाखवा

'हात दुखतो' एवढ्यावर माऊस निवडता येत नाही. मी व्हिडिओ कॉल लावायला सांगतो आणि म्हणतो, दुसऱ्या हाताच्या एका बोटाने जागा दाखवा. माणूस कोपरापासून बोटांपर्यंत हात फिरवून 'सगळाच' म्हणतो. मग परत विचारायचं, सगळ्यात आधी कुठे सुरू होतं?

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठ्यावर ताण आहे. माऊस रुंदीला लहान पडत असेल आणि तो अंगठ्याने चिमटीत धरला जात असेल. अशा माणसाला अंगठ्याने गोळा फिरवायचा ट्रॅकबॉल देऊ नका. मी एकाला दिला होता. त्याने आठवड्यात परत आणून काउंटरवर ठेवला आणि काही बोलला नाही. गोळा मधल्या बोटांनी फिरवायचा असा ट्रॅकबॉलही मिळतो, तो चालू शकतो.

करंगळीच्या बाजूने मनगट दुखत असेल तर हात बाहेरच्या बाजूला वाकवून काम चाललंय, किंवा मनगट टेबलाच्या धारेवर टेकवून तिथूनच माऊस इकडे-तिकडे हलवला जातोय.

पंजाच्या वरच्या बाजूला, तिथून कोपरापर्यंत ओढ लागत असेल तर बोटं बटणावर टेकलेली नसतात, हवेत धरलेली असतात. क्लिक चुकून होऊ नये म्हणून सावध राहणारी माणसं असं करतात. पैशाच्या नोंदी करणाऱ्यांत हे फार. हात दिसायला स्थिर असतो, पण पुढच्या हाताचे, म्हणजे मनगट ते कोपर यांमधले, स्नायू दिवसभर ताणलेले.

खांदा आणि मान दुखत असेल तर माऊसच्या आकाराचा संबंध बहुधा नाही, तो किती लांब ठेवलाय त्याचा आहे.

आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, हातातून कप निसटत असेल, तर माझ्या दुकानात येऊ नका, डॉक्टरकडे जा. मनगटाच्या आतून एका अरुंद बोगद्यातून जाणारी नस दबली की असं होतं. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही ते दिसतं, म्हणजे माऊसचा दोष असेलच असंही नाही. सहा महिने माऊस बदलत बसलं तर तेवढे महिने नस दबलेलीच राहते.

ताईने बोट ठेवलं ते पंजाच्या वरच्या बाजूला, आणि मग खांद्यावर. हे मी तिसऱ्या माऊसनंतर विचारलं. पहिल्याआधी विचारायला हवं होतं.

पहिला माऊस : माझ्या हाताचा

पहिला मी मोठ्या कौतुकाने पाठवला होता. भरदार, तळहात पूर्ण टेकेल असा, अंगठ्याला खोबण असलेला. मी स्वतः तोच वापरतो. त्यातच चूक होती.

हाताची लांबी मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. माझी १९.५ सेंटीमीटर भरते. ताईची किती, हे मला माहीतच नव्हतं. लहानपणापासून तिच्या हातचं खातोय, पण हात कधी मोजला नव्हता. शेवटी तिला सांगितलं, कोऱ्या कागदावर पंजा ठेव, भोवती पेन फिरव, फोटो नको, कागदच पाठव. फोटोत माप कळत नाही. भाच्याने कागद आणून दिला. पट्टीने मोजलं, १६.५.

ढोबळ हिशोब असा : १७ च्या आत लहान हात, १७ ते १९ मध्यम, त्यापुढे मोठा. आणि माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण साठ टक्के असली तर बसतो. माझ्यासाठी हे झालं पावणेबारा सेंटीमीटर, ताईसाठी जेमतेम दहा. मी तिला साडेबारा सेंटीमीटरचा पाठवला होता. पुढच्या बटणांपर्यंत बोटं पोचवायला ती पंजा पुढे सरकवायची, मग तळहात टेकायचा नाही आणि सगळा हात अधांतरी.

तेव्हा नियम एकच सांगतो : काउंटरवर माऊस तुमच्या हातात कसा वाटतो याला काडीची किंमत नाही. त्यांच्या हाताचा कागद आणा. काही माऊस दोन मापांत मिळतात. लॉजिटेकचा सिग्नेचर एम६५० लहान-मध्यम आणि मोठा असा वेगवेगळा येतो. पण बहुतेकांच्या खोक्यावर मापाचा पत्ता नसतो, फक्त मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी-उंची बारीक अक्षरात असते. ती वाचा.

जाता जाता, माऊस ही मुळातच हातात देऊन बघायची वस्तू आहे. १९६४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला तो लाकडी ठोकळा होता, खाली दोन चाकं, वर एकच बटण. पुढे त्यांनी तो प्रकाशाची लेखणी, जॉयस्टिक, इतकंच काय गुडघ्याने चालवायचं एक यंत्र, या सगळ्यांबरोबर माणसांकडून चालवून घेतला, वेळ मोजला, चुका मोजल्या. साठ वर्षांनी आपण खोक्यावरचं चित्र बघून घेतो.

दुसरा माऊस : टेबलाचा

दुसरा लहान घेतला, दहा सेंटीमीटरचा, वायरलेस, हलका. माप बरोबर होतं. तरी महिन्याने तेच वाक्य, आणि पुढे एक जास्तीचं : "तू येईसन देख ना."

त्या वेळी गेलो नाही. तिसराही पाठवून झाला. मग फेब्रुवारीत एका मंगळवारी गेलो. मंगळग्रह मंदिराला जाणाऱ्यांनी एसटी खच्चून भरलेली, धुळ्यापासून उभाच. ताई बाजार समितीत एका आडत दुकानात हिशोब लिहिते. तिच्या मागे एक प्लास्टिकची खुर्ची टाकून मी अर्धा तास नुसता बसलो. काही बोलायचं नाही, काही दुरुस्त करायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. हे सगळ्यात अवघड.

टेबल जुनं, सागवानी, वर जाड काच. काचेखाली देवाचा फोटो, दोन लग्नपत्रिका, गाडीवाल्यांची कार्डं, हमालीचे दर. ऑप्टिकल माऊस खालचा पृष्ठभाग 'बघून' चालतो. स्वच्छ काचेवर त्याला बघायला काही मिळत नाही आणि कर्सर भरकटतो. काचेवर चालणारे महाग माऊस असतात, पण साध्यांना ते जमत नाही. त्यामुळे ताईने काचेवर जुन्या कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलं होतं. गुळगुळीत कागद. माऊस हलला की पान सरकायचं. मग ती डाव्या हाताने पान धरायची, उजव्याने माऊस. दर दोन मिनिटांनी. तिला विचारलं असतं तर तिने हे कधीच सांगितलं नसतं, कारण तिला ते दिसतच नव्हतं.

शंभर-दीडशे रुपयांचं कापडी माऊसपॅड, खाली रबर असलेलं. दुसऱ्या माऊसची अर्धी तक्रार त्याने मिटली असती.

उरलेली अर्धी उंचीची. टेबल ७६ सेंटीमीटर, प्लास्टिकची खुर्ची बसायला ४२, आणि ताई जेमतेम पाच फूट. तिचं कोपर टेबलाच्या पातळीच्या चांगलं वीतभर नाही तरी चार-पाच बोटं खालीच राहतं. म्हणजे माऊस धरायचा तर खांदा उचलून धरायचा. दिवसभर. टेबल कापता येत नव्हतं, शेठ कापू देणारही नव्हते. खुर्चीवर गोधडीची चौघडी टाकली, पाय लोंबकळायला लागले म्हणून खाली घरचा पाट आणून ठेवला. कोपर टेबलाला समांतर आलं. ताई म्हणाली, "आता मी लग्नात बठेल नवरीसारखी दिसस." दिसत होती खरी.

कीबोर्डही बघा. पूर्ण कीबोर्ड साधारण ४५ सेंटीमीटर लांब असतो, आणि उजवीकडचा आकड्यांचा भाग माऊसला आणखी बाहेर ढकलतो. पुस्तकी सल्ला असा की आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, माऊस जवळ येईल. हा सल्ला देणाऱ्याने आडत दुकानात कधी काम केलेलं नसावं. क्विंटल, किलो, भाव, तोलाई, हमाली. ताईचा उजवा हात दिवसभर त्या आकड्यांवरच असतो. तो भाग काढला तर तिला नोकरीच सोडावी लागेल.

तिसरा माऊस : नुसत्या नावाचा

तिसरा होता उभा माऊस, ज्याला सगळे व्हर्टिकल म्हणतात. हस्तांदोलन करताना हात असतो तसा धरायचा. यात पंजा पालथा करावा लागत नाही, पुढच्या हाताचा पीळ कमी होतो, आणि हालचाल मनगटाऐवजी कोपर-खांद्याकडून होते. बऱ्याच जणांना याने खरंच आराम पडतो. लॉजिटेकचा लिफ्ट ५७ अंशात कललेला आहे, लहान-मध्यम हातांसाठी आहे आणि डावखुऱ्यांसाठी वेगळा निघतो. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, सुरुवातीला बारीक जागी नेम चुकतो, हे सांगूनच द्यायला हवं. मी ताईला सांगितलं होतं. तीन आठवडे तिने इमानदारीने वापरला.

तरी जमला नाही. का, ते त्या अर्ध्या तासात दिसलं. शेतकरी काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची चिठ्ठी, घेऊन येतो. ताई ती डाव्या हातात धरते, उजव्या हाताने वजन टाकते, मग माऊस धरून पुढचा रकाना निवडते, मग पेन उचलून काटापट्टीवर खूण करते, परत आकडे, परत माऊस, छापलेली हिशोबपट्टी ओढून त्यावर सही, शेतकऱ्याची सही, रोखीचा आकडा पेनने वहीत. मी मोजलं. एका शेतकऱ्यामागे तिचा हात माऊसकडे अकरा वेळा गेला आणि अकरा वेळा परत आला. आडवा माऊस येताजाता न बघता धरता येतो. उभा माऊस म्हणजे टेबलावर उभा केलेला तांब्या. घाईत हात लागला की कलंडतो, आणि धरताना दर वेळी अंगठा कुठे, बोटं कुठे हे जमवावं लागतं. तीन वेळा तिने तो पाडला. चौथ्या वेळी शाईच्या पॅडवर पाडला.

उभा माऊस वाईट आहे असं मी म्हणत नाही. जो माणूस तासतासभर माऊस सोडत नाही, नकाशे करतो, फोटो सुधारतो, लांबलचक तक्ते बघतो, त्याला तो आवर्जून द्या. पण ज्याच्या हातात दर अर्ध्या मिनिटाला पेन, रबरी शिक्का, पावतीपुस्तक किंवा चहाचा कप येतो, त्याच्यासाठी कोणता माऊस सुखाचा यापेक्षा तो किती सहज सोडता आणि धरता येतो हे जास्त महत्त्वाचं. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट ताईबरोबर कळण्याची भाकरी खाता खाता निघाली. दुखणं कधी वाढतं? ती म्हणाली, दिवाळीनंतर कापूस-मक्याला जरा, मग थांबतं, आणि फेब्रुवारीपासून हरभरा, गहू, दादर ज्वारी यायला लागली की मार्चअखेरपर्यंत जीव जातो. मी फोनवरच्या तारखा आठवून बघितल्या. प्रत्येक नवा माऊस मी आवक चढलेली असताना पाठवला होता, आवक उतरली की तिला 'बरं वाटलं', आणि पुढच्या हंगामात परत तेच. आम्ही दोघं माऊसला शाबासकी देत होतो आणि माऊसलाच शिव्या घालत होतो. म्हणून नवा माऊस दिल्यावर आठवड्यात 'छान आहे' असं कळलं तर मी आता ते धरत नाही. कामाच्या ऐन गर्दीतला एक आठवडा जाऊ द्या, मग विचारा.

चौथा

चौथा नवा घेतलाच नाही. खणातला दुसरा काढला, तो दहा सेंटीमीटरचा हलका, दोन्ही बाजूंनी सारखा. कापडी पॅडवर ठेवला, पण कीबोर्डच्या डाव्या बाजूला.

उजव्या हाताला आकडे आणि पेन, डाव्या हाताला माऊस. डावीकडे आकड्यांचा भाग नसतो, त्यामुळे माऊस छातीच्या कितीतरी जवळ येतो आणि खांदा बाहेर फाकत नाही. अट एकच, माऊस दोन्ही बाजूंनी सारखा हवा. अंगठ्याची खोबण असलेला उजव्या हाताचा माऊस डावीकडे ठेवून उपयोग नाही. सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण अदलाबदल करता येतं, पण त्या संगणकावर संध्याकाळी शेठचा मुलगा बसतो, म्हणून आम्ही केलं नाही. ताई मधल्या बोटाने क्लिक करते. तेही बसतं हाताला.

पहिले चार दिवस तिने मला रोज फोन करून बोल लावले. कर्सर भलतीकडेच जायचा. पॉइंटरचा वेग जरा कमी करून दिला, दहाव्या दिवसानंतर हळूहळू वाढवला. गर्दीच्या वेळी उजव्या हाताने माऊस ओढून घेतलास तरी चालेल, असं सांगितलं होतं. ही पळवाट ठेवली नसती तर तिने तिसऱ्याच दिवशी सोडून दिलं असतं. तीनेक आठवड्यांत डावा हात तयार झाला.

सोबत माऊसकडे जाण्याचे फेरेही कमी केले. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीला एफ ९, विक्रीला एफ ८, पैसे देण्याच्या नोंदीला एफ ५, साठवायला कंट्रोल-ए. तिला यातलं निम्मं येत होतं, पण शिकवणाऱ्याने माऊसने दाखवलं म्हणून ती माऊसनेच करत होती. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेखाली सरकवलं, लग्नपत्रिकेशेजारी. अकराचे फेरे पाच-सहावर आले.

वडीलधाऱ्यांसाठी वेगळं

आमच्या आप्पांचा प्रश्न दुखण्याचा नाही. हात थोडा थरथरतो. सातबारा बघायला बसले की डबल क्लिक करताना माऊस सरकतो आणि उघडण्याऐवजी फाइल दुसरीकडेच जाऊन पडते. मग हाक : "हाई कुठे गई?" मी त्यांना आधी हलका माऊस दिला होता, हलका म्हणजे चांगला या समजुतीने. त्यांना उलटं हवं होतं. जरा वजनदार, वायरवाला, कापडी पॅडवर थोडा अडणारा. पॉइंटरचा वेग कमी. विंडोजच्या माऊस सेटिंगमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाकली, कारण ती असली की झटका जितका जोरात तितका कर्सर लांब उडतो. पॉइंटर मोठा केला, आणि कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळ दिसेल ती सोय चालू केली. डबल क्लिक तर पूर्णच बंद : एकदा क्लिक करायचं, मग एंटर दाबायचं. हे जमलं तेव्हा त्यांनी शेजारच्या तात्यांना बोलावून दाखवलं.

वायरवाला यासाठी की सेल संपले हे त्यांना कळत नाही आणि रिसिव्हर केर काढताना जातो. वायर मात्र खणाच्या मुठीत अडकते, तिला मॉनिटरच्या पायाला रबर लावून ढिली धरून ठेवा.

उन्हाळा आणि रबर

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, पंखा असला तरी तळहाताला घाम असतोच. काही माऊसना वरून मऊ रबरासारखा लेप असतो. दुकानात हात लावला की मखमल वाटते. दोन-तीन उन्हाळे गेले, घाम मुरला की तो लेप चिकट होतो, काळा मळ धरतो आणि पुसून निघत नाही. चिकट माऊस कोणी आरामात धरत नाही, बोटांनी उचलून धरतो, आणि दुखणं नव्याने सुरू होतं. खान्देशात कोणासाठी घेत असाल तर साधं, किंचित खरखरीत प्लास्टिक घ्या. रंग पांढरा नको, आडत दुकानात आठ दिवस टिकत नाही.

किमतीचं म्हणाल तर साधा वायरवाला चांगल्या कंपनीचा माऊस चार-पाचशेत मिळतो, नावाजलेला उभा माऊस पाच हजारांच्या पुढे जातो. पाच हजारांचा घेण्याआधी पॅड, गोधडी आणि पाट करून बघा.

मी आता दुकानात एक डबा ठेवलाय. त्यात जुने पाच माऊस : लहान, मोठा, उभा, गोळ्याचा आणि वजनदार. अनामत ठेवा, आठवडाभर घरी न्या, ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्याकडून त्याच्याच टेबलावर वापरून घ्या. नेताना विचारतो : हाताचा कागद आणला का, टेबलाला काच आहे का, माऊस सोडून त्या हाताने आणखी काय काय करतात? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. 'घरी विचारून येतो' म्हणतात. येतात परत.

ताईच्या खणातला भरदार माऊस मी परत आणला, तो डब्यात आहे. उभा माऊस शाईचा डाग घेऊन खणातच पडला होता. मागच्या महिन्यात शेठनी तो काढून स्वतःच्या टेबलावर लावला. त्यांचा पंजा मोठा नाही, पेन ते हातात धरत नाहीत, आणि दिवसभर बाजारभाव खाली-वर करत बघत बसतात. त्यांना तो इतका मानवला की येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला धरून बघायला लावतात. त्याचे पैसे मागायचे कोणी, यावर ताई आणि मी अजून एकमेकांकडे बघतोय.